अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा

देवळ्याच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तिकडचा पाऊस कसा असतो ते मला विचारा. ढग यायचे, कांद्याच्या चाळींवरून एक फेरी मारायचे आणि आल्या पावली परत जायचे. आणि मी मात्र दर वर्षी आठवीच्या फळ्यावर कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडायची. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' अर्थ : मुसळधार पाऊस पडणे. खाली मुलांनी वाक्यात उपयोग करायचा. एका मुलीनं एकदा इंग्रजीतून लिहिलं की आमच्या गावात कुत्री आहेत, मांजरं पण आहेत, फक्त पाऊस नाही. मी तिला अर्धा गुण दिला.

अर्धा गुण ही माझी ख्याती होती. बाई अर्ध्या गुणासाठी जीव घेतात, असं पोरं म्हणायची. ते कानावर आलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? स्पेलिंग चुकलं, अर्धा कमी. पूर्णविराम विसरला, अर्धा कमी. अर्थ बरोबर आणि वाक्य अर्धवट, तर पूर्ण एक कमी. पालक भांडायला यायचे, मी पेपर समोर ठेवायची आणि पालक चहा पिऊन परत जायचे. माझ्या तपासलेल्या पेपरात कुणाला कधी चूक सापडली नाही. लाल पेनाशी मी आयुष्यात बेइमानी केली नव्हती. निवृत्त होईपर्यंत तरी नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहायला आलो. आमचे हे मनमाडला रेल्वेत होते, तेही तोवर मोकळे झाले होते. रेल्वेच्या भोंग्यांनी त्यांचा एक कान अधू केलाय, त्यामुळे आमच्या घरात कुठलीच गोष्ट हळू आवाजात होत नाही. आणि आमची मुलगी. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, एकुलती एक. मुंबई नाक्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात ती नर्स आहे. डॉक्टर नाही, नर्सच. नातेवाईक विचारतात तेव्हा मी ते मुद्दाम ठासून सांगते, कारण त्यांचा चेहरा बघायला मला आवडतं.

एके दिवशी ती ड्युटीवरून आली, हातपाय धुतले, जेवली आणि ताट उचलता उचलता म्हणाली, "आई, मी इंग्लंडला अर्ज केलाय. लेखी परीक्षा झाली. पास झाले."

"काय झालं?" हे ओरडले.

"इंग्लंड!" मी त्याहून मोठ्यानं ओरडले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही कळलं असेल.

आता फक्त एक मुलाखत राहिली होती, संगणकावरून. तिथल्या दोन मोठ्या सिस्टर समोर बसणार आणि पेशंट बोलतो तसं तिच्याशी बोलणार. तिला ते कळायला हवं, तिनं उत्तर द्यायला हवं, बस. कागदावरचं इंग्रजी तिचं चांगलंच होतं, माझीच मुलगी. पण तिकडचे म्हातारे पेशंट पुस्तकातलं इंग्रजी थोडंच बोलणार? म्हणून पाठवणाऱ्या संस्थेनं तिला चौदा पानं दिली होती. तिकडच्या दवाखान्यांत रोज कानावर पडणारे शब्द आणि वाक्प्रचार. तयारी झाली की तारीख कळवा, पण दिवाळीच्या आत, असं त्यांनी सांगितलं होतं.

"शिकवशील?" तिनं विचारलं. मला काय, आयतंच कोलीत मिळालं. मी चष्मा पुसून ती चौदा पानं हातात घेतली आणि वरपासून खालपर्यंत चाळली. एकोणतीस वर्षांत शिकवलेल्या वाक्प्रचारांपैकी एकही त्यात नव्हता. कुत्री नाहीत, मांजरं नाहीत, काही नाही. 'पुअरली' म्हणजे बरं नसणे. 'पीकिश' म्हणजे थोडीशी भूक लागणे. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे चक्क लघवीला जाणे. 'कॉलीवॉबल्स' म्हणजे पोटात ढवळणे. 'पॉप्ड हिज क्लॉग्ज' म्हणजे मेला. म्हटलं, बाई गं, मग मी इतकी वर्षं त्या पोरांना शिकवलं तरी काय?

पण मजा यायला लागली, हेही खरं. ती दुपारी तीनला यायची. जेवण झालं की आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. मी वाचायची, ती अर्थ सांगायची आणि हे एका कानानं ऐकून मध्ये पचकायचे. तिकडे काही गावांत प्रेमानं एकमेकांना 'डक' म्हणतात, असं मी सांगितलं तर यांचा विश्वासच बसेना.

"बदक? पेशंटला बदक म्हणायचं? मारेल तो."

"अहो, आपण पोरीला माकड म्हणतो, टवळी म्हणतो, ते चालतं ना?"

"ते घरात," हे म्हणाले. "दवाखान्यात नाही म्हणत."

'मस्टन्ट ग्रम्बल' मात्र यांना फार आवडलं. कसं काय विचारलं की कुरकुर न करता द्यायचं उत्तर. आपलं 'चाललंय आपलं बरं' असतं, तेच. दूधवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना यांनी आठवडाभर 'मस्टन्ट ग्रम्बल' ऐकवलं. 'ऑफ माय फूड'ला अन्नावरची वासना उडणे हा अर्थ लेकीनं झटक्यात सांगितला, तेव्हा मला इतकं कौतुक वाटलं की मी उठून तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. आणि मेल्याचे शब्द मोजायला बसलो तर आपल्याकडचेच संपेनात. गेला, वारला, खपला, आटोपला, देवाघरी गेला, राम म्हटला. हे म्हणाले, माणसाला मेला म्हणायची कुठल्याच देशात हिंमत नाही बघ. त्या दुपारी आम्ही तिघंही खूप हसलो होतो.

मग मी पेपर काढायला सुरुवात केली. शिक्षक माणूस, पेपर काढल्याशिवाय आम्हाला शिकवल्यासारखं वाटतच नाही. पन्नास गुणांचा, पंचवीस शब्द. अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा. अर्थाला एक, वाक्याला एक. पहिल्या पेपरात तिला एक्केचाळीस पडले. अगदी खरे एक्केचाळीस, माझ्या पद्धतीनं, अर्धे अर्धे कापून. तिनं पेपर नीट घडी करून ठेवला आणि म्हणाली, "आई, पंचेचाळीस पडले ना, की मी तारीख घेते. तू पास म्हटल्याशिवाय नाही घेणार. तुझ्याइतकं कडक तिथं कुणी नसेल."

ती हे सहज बोलली आणि पाण्याची बाटली भरायला उठून गेली.

तोपर्यंत ती जाणार हे मला माहीत होतं, पण ते माझ्या हातात आहे हे माहीत नव्हतं. दोन्हींत केवढा फरक आहे! हातात नसतं तेव्हा माणूस कढी करतो, भाजी निवडतो, चार लोकांना सांगतो, मुलगी निघाली हो परदेशी. हातात आलं की भाजीसुद्धा निवडवत नाही.

दुसऱ्या पेपरात पंधराव्या शब्दापर्यंत तिचा एकच गुण गेला होता. शिक्षकाला पेपर बघूनच कळतं बेरीज कुठं जाणार ते. ही सेहेचाळीसवर जात होती, कदाचित सत्तेचाळीस. सोळावा शब्द होता 'पार्की'. तिनं लिहिलं होतं, अर्थ : हवेत गारठा असणे. खाली वाक्य, 'इट इज अ बिट पार्की इन हिअर.' इथं जरा गारठा आहे. अर्थ बरोबर, वाक्य बरोबर, पूर्णविरामसुद्धा जागेवर. मी त्यावर फुली मारली.

कशी मारली, मला आजही सांगता येत नाही. हात गेला आणि फुली उमटली. एकदा उमटली मग पुढच्यांवर मारायला जड गेलं नाही. एकूण अडतीस.

"हे का चुकलं?" तिनं 'पार्की'वर बोट ठेवून विचारलं.

"नीट बघ पुन्हा."

"नेटवर तर हाच अर्थ आहे."

"नेटवर काहीही असतं. त्या त्या गावात त्या त्या शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्याकडे नाही का, सटाण्याकडे वेगळं बोलतात, पेठकडे वेगळं? संदर्भ बघावा लागतो." इतकं गुळगुळीत खोटं मी कधी बोलले नव्हते. आणि ती? तिनं मान हलवली. आई म्हणते म्हणजे असेल, असं म्हणून तिनं त्या शब्दापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

त्यानंतर छत्तीस. मग तेहेतीस. मग बावीस. गंमत म्हणजे हे आकडे नुसते माझे उरले नाहीत. पोरीचं खरोखरच चुकायला लागलं. आदल्या आठवड्यात झोपेत सांगेल असा शब्द आला की ती अडखळायची, माझ्या तोंडाकडे बघायची, लिहिलेलं खोडायची. हे एकदा पेपर हातात घेऊन म्हणाले, "हल्ली फार लाल दिसतंय गं." यांना इंग्रजीचं फारसं कळत नाही, पण लाल दिसतं.

"कच्ची आहे अजून," मी म्हटलं.

माझी आतेबहीण फोनवर म्हणाली, "आधी लग्न करून द्या, मग जाऊ दे कुठं जायचं तिथं." एरवी मी तिला असं काही सुनावलं असतं की दोन महिने तिनं फोन केला नसता. त्या दिवशी मी नुसतं हं म्हटलं.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. एका दुपारी तिनं ती चौदा पानं गोळा करून खणात ठेवली. "राहू दे आई, पुढच्या वर्षी बघू. आत्ता माझं नाही होणार."

संध्याकाळी मी पुरणपोळ्या केल्या. यांनी विचारलं आज काय विशेष, तर म्हटलं, हरभऱ्याची डाळ संपवायची होती. पोरीनं दोन घास खाल्ले. मी तिला तूप वाढत होते आणि आतून इतकी सुखावले होते की माझी मलाच लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून सुख कमी झालं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

चार-पाच दिवसांनी ती दुपारी आली ती चपला न काढताच टेबलाशी बसली.

"काय गं, पुअरली का?" मी आपलं हसवायला म्हटलं.

ती हसली नाही. सांगायला लागली. तिच्या वॉर्डात आदल्या दिवशी एक इंग्रज आजी आली होती. पंचाहत्तर-ऐंशीची, कुठल्याशा सहलीबरोबर आलेली. अंजनेरी गडाच्या पायऱ्यांवर पडली आणि मनगट मोडलं. रात्री ऑपरेशन झालं. बरोबरचे लोक पुढच्या गावाला निघून गेले, भाची परवा मुंबईत उतरणार होती. सकाळी मोठ्या सिस्टरनी आमच्या मुलीला बोलावलं, कारण दवाखान्यात इंग्रजी म्हटलं की हिचंच नाव. ही नाही म्हणाली. मला जमणार नाही, दुसरीला पाठवा.

"अगं, पण का?"

"तू म्हणतेस ना, माझं कच्चं आहे." ती आरोप करत नव्हती. नुसतं सांगत होती. "दुसरी गेली. ती आजी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, मी पडद्याच्या या बाजूला उभी राहून ऐकत होते. इट इज पार्की, लव्ह. इट इज एव्हर सो पार्की. त्या नर्सनं तिला पाणी दिलं, उशी सरळ केली, दुखतंय का म्हणून खुणेनं विचारलं. ती मान हलवायची आणि परत तेच. मला वाटलं, तिला थंडी वाजतेय. एसी चालू होता, रिमोट आमच्या काउंटरवर असतो. पण तू त्यावर फुली मारली होतीस. म्हटलं, माझाच अर्थ चुकीचा असणार. उगाच काहीतरी करायला जाईन आणि हसं होईल. बरं, आजीला विचारावं, तर माझं तोंडच उघडेना. सकाळपासून दुपारपर्यंत, आई. ती तशीच पडून होती. निघताना बघितलं तर तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं, एका हातानं."

मला एकदम माझं नाशिकमधलं बी.एड.चं वर्ष आठवलं. मी बागलाणातून आलेली, घरात अहिराणी. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कुणीतरी भाजी कशी आहे विचारलं आणि माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' गेलं. बरी शे. टेबलभर मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या, नुसत्या हसल्या. पण मी पुढचे सहा महिने मेसमध्ये तोंड उघडलं नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायची. एका हसण्यानं माणूस सहा महिने मुका होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि तेच मी माझ्या पोटच्या पोरीला केलं. तेही लाल पेनानं, दर आठवड्याला, पेपर काढून.

मी उठून खणातून तिचे सगळे पेपर काढले आणि तिच्यासमोर ठेवले.

"पार्कीचा तू लिहिलेला अर्थ बरोबर होता."

"मग फुली?"

"मुद्दाम मारली."

तिनं पेपर चाळले. "आणि या बाकीच्या?"

"बऱ्याचशा. शेवटच्या दोन पेपरांत तुझं खरंच चुकलं, पण तेही माझ्यामुळं."

"का?"

"तू गेली असतीस."

हे बाल्कनीतून विचारत होते काय झालं, काय झालं. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, पेपर फाडेल. त्यातलं काहीही केलं असतं तर मला बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मी नर्स आहे. ती बाई सहा तास कुडकुडली." आणि तिनं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

"कुठं निघालीस?"

"एसी बंद करायला."

मीही निघाले. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी कपाटातून माझी लोकरीची शाल ओढली, यांना "आलोच" म्हणून ओरडले आणि तिच्यामागे जिना उतरले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला एवढी गर्दी, एवढे हॉर्न, पण ती वाट काढत पुढं गेली.

वॉर्डात शिरताच तिनं काउंटरवरचा रिमोट उचलला, एसी बंद केला आणि तशीच पडद्याच्या आत गेली. मी मागे. कॉटवर एक बारीकशी गोरी बाई, एक हात प्लास्टरमध्ये, पांढरे केस पिंजारलेले. आमच्या आत्याबाईंसारखीच दिसत होती, फक्त रंग वेगळा. मुलीनं माझ्या हातून शाल घेतली, तिच्या अंगावर नीट घातली, पायांखाली खोचली आणि इंग्रजीतून म्हणाली, "मला माफ करा. तुम्हाला सकाळपासून थंडी वाजत होती. मला कळलं होतं. मी यायला हवं होतं."

आजीनं तिचा हात धरला आणि बोलायला सुटली. आणि मी, एकोणतीस वर्षं इंग्रजीच्या बाई, त्यातलं एक 'लव्ह' सोडून मला ओ की ठो कळेना. शब्द अर्धे गिळलेले, सूर कुठल्या कुठं चढतो उतरतो. माझी मुलगी मात्र हं हं करत होती, मध्येच हसत होती, काहीतरी विचारत होती आणि तिला उत्तरं मिळत होती.

मला वाटलं, आपणही दोन शब्द बोलावेत, बरं दिसत नाही. मी पुढं झाले. "गुड आफ्टरनून, मॅडम. आय अ‍ॅम हर मदर. आय होप यू आर इन द पिंक ऑफ हेल्थ." म्हणजे आपली तब्येत ठणठणीत असेल अशी आशा आहे. हात प्लास्टरमध्ये असलेल्या बाईला!

आजी माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की खोकलाच लागला. डोळ्यांतून पाणी. मुलीनं तिला उचलून बसवलं, पाठ चोळली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, ती म्हणतेय, हे वाक्य तिनं शेवटचं ऐकलं ते तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या तोंडून. खूप वर्षांनी ऐकलं म्हणून छान वाटलं म्हणते."

माझ्याकडे बघून दिवसभरात पहिल्यांदा तिच्या ओठावर हसू आलं होतं. आजीचंही मला तीच सांगत होती आणि माझं आजीला. दुभाषी झाली होती माझी मुलगी, माझी आणि इंग्रजीची. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि ऐकत राहिले. काही खावंसं वाटतंय का, तिनं विचारलं. बाथरूमला जायचंय का, विचारलं आणि नेऊन आणलं. भाचीचा नंबर घेतला, तिला फोन लावून आजीच्या कानाला धरला. आजी त्या फोनवर रडली तेव्हा ही तिच्या केसांवरून हात फिरवत उभी होती. चहा आला तर दूध वेगळं हवं, हेही हिलाच कळलं.

माझी सवय जात नाही हो. मी मनातल्या मनात तपासत होते. शब्द, उच्चार, वाक्य, सगळं. कुठं अर्धा गुण कापायचा म्हटलं तरी जागा नव्हती. तिथं बसून मला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या. एक, ही किती मोठी झालीय. आणि दुसरी, ही कुणाच्या तरी आईजवळ अशी उभी राहील, परक्या गावात, आणि मी इथं असेन. दोन्हींनी मला रडू येत होतं, पण वॉर्ड होता, म्हणून पदर दातांत धरून बसले.

मध्येच ती पडद्याबाहेर गेली. पाच-सात मिनिटं मी आणि आजी दोघीच. आजीनं माझी शाल चाचपून छान आहे असं खुणेनं सांगितलं. मी राहू दे म्हणून हात हलवला. तिनं बोट दरवाजाकडं केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि एकच शब्द अगदी सावकाश म्हणाली, मला कळावा म्हणून. "गुड." मी म्हटलं, "येस. व्हेरी."

आम्ही खाली उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. पार्किंगमधून तिनं गाडी बाहेर काढली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि तशीच उभी राहिली. मी घरून निघाल्यापासून जे बोलायचं ठरवत होते ते एकदाचं बोलले.

"तारीख घे. पन्नासपैकी पन्नास. तू पास आहेस, कधीचीच पास आहेस. उद्याच्या उद्या तारीख घे."

"घेतली," ती म्हणाली. "शनिवारची. मघाशी बाहेर गेले होते ना, तेव्हाच फोन केला."

"मला विचारलं नाहीस?"

"नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. रागही होता डोळ्यांत आणि मायाही, आणि मला दोन्ही सहन होत नव्हतं. "आता नाही विचारणार, आई."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? तिनं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि म्हणाली, "बस."

एरवी मी गाडीवर मागची दांडी धरून बसते, ताठ, बाईंसारखी. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरली, कपाळ तिच्या पाठीला टेकवलं आणि इंदिरानगर येईपर्यंत सोडलं नाही.